तांबूला पोळी घालायची नाही

ताई, आधी मला हे सांग, चहाच्या डब्यात तू गाईला चारायची औषधाची पावडर का ठेवलीस? डब्यावर ठळक अक्षरांत ‘चहा’ लिहिलंय. अक्षर तुझंच. तुला जाऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. मी साडेपाचला नाहूरहून रिक्षाने मुलुंडला वाडीवर आलो, कुलूप काढलं, म्हटलं आधी घोटभर चहा घेऊ आणि मग गोठ्याकडे वळू. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकले, तर पाणी राखाडी झालं. डोळे भरलेले असल्यामुळे मला तेही उशिरा दिसलं, एक घोट पोटात गेल्यावर. मग ‘मीठ’ लिहिलेल्या डब्यात तांदळाची कणी निघाली आणि ‘रवा’ लिहिलेल्यात खिळे. चहा होता देवाच्या फोटोमागे, एका कोऱ्या बरणीत. तिथे का, हे आता विचारायची सोय नाही.

तुझी सकाळ मी लहानपणापासून फक्त पांघरुणातून ऐकली. बादली आपटल्याचा आवाज, खुराड्याचं दार, आणि तुझं ते ‘येतंय गो बाये, येतंय!’ माझ्याशी तू मुंबईची मराठी बोलायचीस आणि जनावरांशी मालवणी. आई-आबा गेल्यावर मालवणी बोलायला तुला जनावरंच उरली होती. मी उठेपर्यंत सगळ्यांची पोटं भरलेली असायची आणि तू दूध घालून परत आलेली असायचीस. मग माझी शाळा झाली, कॉलेज झालं, बँकेतली नोकरी, लग्न, नाहूरचा फ्लॅट, अगदी निवृत्तीसुद्धा झाली. तू त्याच बादल्या उचलत राहिलीस. वाडीच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, आणि मधल्या तुकड्यात एक गाय, पाच बकऱ्या, डझनभर कोंबड्या आणि तू. हे मी कधी तुझ्या तोंडावर बोललो नाही. तू बोलू दिलं असतंस का, तो प्रश्न वेगळा. कोणी चार बरे शब्द काढले की तुला लगेच गोठ्यात काम निघायचं.

आणि मापं? मागच्या दिवाळीत मी तुला जाड वही आणून दिली होती, आठवतंय? म्हटलं, ताई, कोणाला काय, किती, कधी, एकदा लिहून ठेव, उद्या तू आजारी पडलीस तर आम्ही काय करायचं? तू म्हणालीस, “लिहायचंय काय त्यात? अंदाजाने घालायचं.” अगं, पण अंदाज कोणाचा? तुझा! तो कुठे ठेवून गेलीस? वहीचं म्हणशील, तर ती सापडली. कोंबड्यांच्या खुराड्याला मागून फट पडली होती, तिथे तिचं पुठ्ठ्याचं कव्हर ठोकलेलं आहे. आतली पानं कुठे गेली ते तुला आणि बकऱ्यांनाच माहीत.

म्हणून मी एकेक गोष्ट चुकत चुकत शिकलो. पहिल्या दिवशी कोंबड्या आधी सोडल्या आणि त्यांना कणी टाकली. बकऱ्या मोकळ्याच होत्या. दोन मिनिटांत कणी बकऱ्यांच्या पोटात आणि कोंबड्या माझ्या पायांवर चोची मारताहेत. म्हणजे आधी बकऱ्या बांधायच्या, त्यांच्यापुढे फणसाचा पाला टाकायचा, मग खुराडं उघडायचं. पण बकऱ्या बांधायला गेलो तर ती डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली, जिला तू मास्तरीण म्हणतेस, ती आधी बांधून घेतल्याशिवाय बाकीच्या चार हलत नाहीत. आणि मास्तरीण तेव्हाच हलते जेव्हा तांबूने पेंढ्याला तोंड लावल्याचं तिला दिसतं. म्हणजे सुरुवात गाईपासून! आधी तांबूला पाणी, कोरडा पेंढा, मग मास्तरीण, मग तिचा वर्ग, मग कोंबड्या, आणि शेवटी परत येऊन तांबूला भिजवलेली पेंड. हे कळायला मला पाच सकाळी लागल्या. तू एका वाक्यात सांगू शकली असतीस. बँकेत माणूस बदलीवर गेला तरी चार्ज देऊन जातो गं.

तांबू माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी पेंढा टाकला की ती मान वळवून तुझ्या खोलीच्या दाराकडे बघत उभी राहायची, आणि मी लांब गेल्यावरच तोंड लावायची. नीता मला म्हणाली, “अहो, तुम्ही तिच्याशी साहेबासारखं बोलता. ‘चला, खाऊन घ्या’ काय? ताई कसं बोलायच्या तसं बोला.” आता बायकोकडून गाईशी बोलायचे धडे घ्यायचे माझं वय आहे का? मी काही मालवणी बोललो नाही. लाज वाटली. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून लोक बघत असतात.

या गॅलऱ्यांवरूनच आपलं सगळं भांडण, नाही का? टॉवर झाले, माणसं राहायला आली, आणि सकाळी फाटकाशी लोक पोळ्या घेऊन उभे राहायला लागले. कोणी रात्रीच्या उरलेल्या आणायचं, कोणी मुद्दाम ताज्या करून, तूप-गूळ लावून. गाईच्या मुखात घास गेला की दिवस चांगला जातो, असं त्यांना वाटायचं. आणि तू हातात खराटा घेऊन फाटकात आडवी. “तांबूला पोळी घालायची नाही. गवत आणा, घाला. पोळी नाही.” मला तर अगदी ओशाळायला व्हायचं. मी म्हणायचो, ताई, लोक श्रद्धेने आणतात, एक पोळी खाल्ली तर गाय मरते का? तू म्हणायचीस, “एक कोणाची? याची एक, त्याची एक, आणि पोट मात्र तिचं एकच.” मी म्हणायचो, तू अती करतेस. तू म्हणायचीस, तू जा बँकेत. कित्येक वर्षं आपण हेच, याच शब्दांत बोलत आलो.

त्यातला एक दिवस मात्र मला पुसता आला तर बरं होईल. समोरच्या इमारतीतल्या हंसाबेन, नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं म्हणून घरी लाडू करून गाईसाठी घेऊन आल्या होत्या. तू त्यांना परत पाठवलंस. त्या रडत गेल्या. मी तिथेच होतो. मला भयंकर राग आला, आणि फाटकात, चार लोकांसमोर मी तुला म्हणालो, “तुला कोणाचा चांगुलपणा बघवतच नाही. म्हणूनच एकटी राहिलीस.” तू आत गेलीस आणि बकऱ्यांचा पाला तोडायला लागलीस. एकटी तू का राहिलीस हे मला माहीत नव्हतं का? आबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी नोकरीच्या परीक्षा देत होतो. तुला बघायला येणाऱ्यांना तू परत पाठवत होतीस, कारण सकाळी दूध कोण काढणार हा प्रश्न होता. ते सगळं माहीत असूनही मी तसं बोललो. पुढच्या रविवारी काहीच न झाल्यासारखा दूध प्यायला आलो, आणि तूही दिलंस. माफी मागायची राहून गेली. राहून गेली म्हणजे मी मागितली नाही.

आणि दवाखान्यात? तुझ्या नाकाला नळी. म्हटलं, आता ताई काहीतरी बोलेल. आईबद्दल बोलेल, माझ्याबद्दल बोलेल. तू मला वाकायची खूण केलीस. मी कान तोंडाशी नेला. तू म्हणालीस, “बाळ्या, सकाळचं तू बघ. आणि पोळी घालू देऊ नकोस.” ताई, खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझं डोकं सटकलं. माणूस जाताना हे बोलतो? मी तुझा हात धरून म्हणालो, हो गं बाई, नाही घालू देणार. मनात म्हटलं, हिच्या डोक्यातून शेवटपर्यंत पोळी काही जात नाही. ते ‘हो’ मी तुला गप्प करायला म्हटलं होतं.

मग तुझं तेरावं आलं. आम्ही ते वाडीवरच केलं, फणसाखाली मांडव घालून. गुरुजी म्हणाले, गोग्रास ठेवा. आता तुझ्या तेराव्याला गोग्रास दुसऱ्या कोणत्या गाईला ठेवणार? नीताने केळीच्या पानावर थोडा भात, एक वडा, चमचाभर खीर असं वाढलं आणि तांबूपुढे ठेवलं. तांबूने दाराकडे पाहिलं नाही, मान वळवली नाही, सरळ पान चाटूनपुसून साफ केलं. तुला जाऊन तेरा दिवस झाले होते आणि पहिल्यांदाच ती माझ्यासमोर जेवली. तेवढ्यात मागे बघतो तर फाटकाशी रांग. टॉवरमधली माणसं. जिच्याकडून इतकी वर्षं बोलणी खाल्ली त्या बाईच्या तेराव्याला हातात ताटल्या घेऊन उभी. पुढे हंसाबेन. म्हणाल्या, “भाऊ, ताईच्या नावाने घास घालू दे ना. आज तरी ना नको म्हणू.”

फाटक मी उघडलं. कोणी ढकललं नाही, कोणी भांडलं नाही. मी स्वतः कडी काढली आणि बाजूला उभा राहिलो. पोळ्या आल्या, पुऱ्या आल्या, गूळ-तूप आलं, कोणी पातेलंभर मऊ भात आणला. प्रत्येकजण नमस्कार करायचा, तुझी एखादी आठवण सांगायचा, डोळे पुसायचा आणि घास घालायचा. मी मान डोलावत होतो. मला अभिमान वाटत होता गं. मनात तुला म्हणत होतो, बघ, ज्यांना हाकलत होतीस ती माणसं बघ, आणि तुझी गाय बघ कशी मिटक्या मारत खातेय.

चार वाजेपर्यंत मांडव निघाला. नीता भांडी घासत होती. तिने हाक मारली, “अहो, हिची डावी बाजू बघा.” तांबूची डावी कूस वर आली होती, हात लावला तर टणक. ती बसायची, लगेच उठायची, मागच्या पायाने पोटाला लाथ मारायची, दात करकरा वाजवायची. तोंडातून लाळेची तार. मी तिला उठवू की बसवू, पाणी देऊ की नको, काही कळेना. मी अक्षरशः तुझ्या खोलीकडे पळत गेलो, ताई, तुला विचारायला. दाराशी पोचल्यावर आठवलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता, देव तुझं भलं करो, तो तरी बरोबर होता. त्या अर्ध्या तासात आल्या. कूस ठोकून पाहिली, ढोलासारखी वाजली. “काय खाल्लं हिने?” मी सांगितलं. त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “शक्यच नाही. या वाडीत ताई कोणाला पोळी घालू देत नाहीत. आधीची गाय अशीच गेली म्हणून. ताई कुठे आहेत?”

आधीची गाय? ती पांढरी? मला तू म्हणाली होतीस की म्हातारी होऊन गेली. मी त्या वेळी कुठेतरी सहलीला होतो, परत आल्यावर तू एवढंच सांगितलंस. आपल्या इतक्या वर्षांच्या वादात एकदा, एकदा तरी ते का बोलली नाहीस? “बाळ्या, माझी गाय पोळ्यांनी मेली” एवढे शब्द पुरले असते. मी त्याच दिवशी गप्प बसलो असतो. पण नाही. तू खराटा घेऊन उभी राहणार, लोकांच्या आणि भावाच्या शिव्या खाणार, पण कारण सांगणार नाही. मागाहून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पांढरीला खायला घातलं ते एका लहान मुलीच्या बारशाला. घास घालणाऱ्या त्या घरातल्या आजींना कळलं तर त्या जन्मभर झुरतील, म्हणून ताईंनी कोणालाच सांगू दिलं नाही. आणि मी चार लोकांत म्हणालो होतो, तुला कोणाचा चांगुलपणा बघवत नाही.

त्या वेळी मी त्यांना म्हणालो, “ताई गेली. आज तेरावं होतं. हे सगळं तिच्याच नावाने घातलं.” त्या खाली वाकल्या. बॅग उघडली, नळी काढली, मला म्हणाल्या, “डोकं घट्ट धरा.”

तांबूच्या तोंडातून नळी पोटापर्यंत गेली आणि आंबलेला वारा माझ्या तोंडावर आला. मग औषध पाजलं, तेल पाजलं. पुढचे पाय उंचावर येतील असं तिला उभं करायला लावलं. जाताना त्या म्हणाल्या, “उद्यापासून फक्त पाणी आणि समोर थोडा कोरडा पेंढा. खाल्ला तर खाल्ला. वय आहे तिचं, मी खात्री देत नाही. रवंथ करायला लागली की मला फोन करा. तोवर काही खरं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचलाच आलो. फुगा उतरला होता, पण तांबू डोळे अर्धे मिटून उभी. जबडा बंद. पेंढा तसाच. मास्तरणीला तांबूपुढचा पेंढा हललेला दिसेना, त्यामुळे ती जागची हलेना, त्यामुळे बाकीच्या ओरडत राहिल्या, त्यामुळे कोंबड्या कोंडलेल्या. तुझी सगळी सकाळ त्या एका जबड्यावर अडून बसली होती. मी सगळ्यांना शिव्या दिल्या, तुलाही. बकऱ्या एकेक करून ओढत नेऊन बांधल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. मी तिच्यासमोर स्टूल टाकून तिच्या तोंडाकडे बघत बसलो. इतकं टक लावून मी तुझ्याकडे दवाखान्यातही बघितलं नव्हतं, तिथे मी फोनवर असायचो. नीता डबा घेऊन आली, तो मी तसाच परत पाठवला. मला एकच वाटत होतं, ही जर गेली तर मी ताईची गाय ताईच्याच तेराव्याला मारली. मग मी कोणत्या तोंडाने या वाडीत पाय ठेवायचा?

चौथ्या सकाळी, म्हणजे आज, मी पाण्याची बादली ठेवली आणि तिच्या गळ्याखाली हात घातला. गॅलरीत कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. घालू दे. मी म्हणालो, “खा गो बाये. माका माफ कर. खा.” माझी मालवणी फार वाईट आहे, तुला हसू आलं असतं. तांबूने काही लगेच ऐकलं वगैरे नाही. तिने माझ्या शर्टाची बाही हुंगली आणि मान फिरवली. मी बकऱ्यांकडे गेलो, पाला तोडला, खुराडं उघडलं. अर्ध्या तासाने परत आलो तर ती बसली होती, आणि तिचा खालचा जबडा सावकाश आडवा सरकत होता. एकदा, दोनदा. मग घशातून काहीतरी वर आलं आणि परत सुरू. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोलता येईना म्हणून फोन तिच्या तोंडाजवळ धरला. पलीकडून त्या म्हणाल्या, “वाचली हो!”

मी अजून डोळे पुसतोय तोच फाटक वाजलं. हंसाबेन. त्यांना यातलं काही माहीत नाही. हातात स्टीलचा डबा. “भाऊ, ताईच्या नावाने रोज एकच रोटी आणीन हं. तूपवाली.” किती मायेने म्हणत होत्या, ताई. ते दिसत असतानाही मी फाटकात आडवा झालो. म्हणालो, “नाही हंसाबेन. तांबूला पोळी घालायची नाही.” त्यांचा चेहरा पडला. “अरे, ताई तर गेल्या ना भाऊ. आता कोण ओरडणार?” तेरावं, कूस, नळी, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्या पुन्हा कधी आल्या नसत्या. पण मग रोज उठून त्यांनी स्वतःला दोष दिला असता, तांबूला पहिली पोळी त्यांच्याच हातची होती. मी म्हणालो, “मी ओरडणार. गवत आणा, घाला.” त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं, म्हणाल्या, “तू पण ताईसारखाच खडूस झाला,” आणि निघून गेल्या.

कारण मी सांगितलं नाही, ताई. का सांगायचं नसतं ते मला आज, या वयात, कळलं. तुझं बरोबर होतं. पोळीचंही आणि गप्प बसण्याचंही. आयुष्यभर मी हे म्हणावं म्हणून तू वाट बघितली असशील, आणि आता मी इथे फाटकात मोठ्याने म्हणतोय, तर एकदा तोंड वर करून “मग? मी काय सांगत होते?” एवढं म्हणायलाही तू नाहीस. म्हण की गं. एकदा म्हण, मी अजिबात वाद घालणार नाही.